तपकिरी डायल

सदाशिवराव धारूरकर औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात शिरले ते कपाळाला आठ्या घालूनच. बसण्याआधी त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली आणि बद्रीनाथच्या डोक्यात तिडीक गेली. पोलिसातून निवृत्त होऊन तो खासगी तपास करणाऱ्या मनस्विनीच्या हाताखाली कामाला लागला होता. तिच्याइतकं डोकं आपल्याला नाही, हे त्याला मान्य होतं. पण हा माणूस कसला आहे, हे कळायला डोकं कशाला पाहिजे?

सदाशिवरावांनी मखमली पिशवीतून एक मनगटी घड्याळ काढून टेबलावर टाकलं. काळीभोर डायल, भोवती चकचकीत स्टीलची केस.

"ही नक्कल! माझं खरं घड्याळ पळवून कपाटात हे ठेवलंय. दुसरं कोण, आमची कामवाली सारजाबाई. तुम्ही फक्त पुरावा द्या, संध्याकाळी तिला पोलिसात देतो."

"खरं घड्याळ कसं होतं?" मनस्विनीनं विचारलं.

"वडिलांचं. स्विस, चावीचं. काळी डायल ऊन खाऊन खाऊन तपकिरी झालेली. ट्रॉपिकल डायल म्हणतात त्याला."

"म्हणजे रंग उडालेली," बद्रीनाथ म्हणाला.

सदाशिवरावांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "त्या रंगासाठी संग्राहक जीव टाकतात, बाई. केसवरचा एक ओरखडा मी घालवू दिला नाही. काट्यांवरचं रेडियम वडील असतानाच विझलं, अंधारात काही दिसत नाही. वडील ते दुरुस्तीला फक्त रामकिसन घडीसाजाकडं द्यायचे. तो वारल्यावर मी मागचं झाकणही कुणाला उघडू दिलेलं नाही. डोळे मिटून ओळखेन मी माझं घड्याळ!"

"आणि हे उघडून पाहिलंत?"

"हा कचरा? कशाला?"

महिनाभर ते अमेरिकेत मुलीकडं होते. काल सकाळी परतले, कपाट उघडलं तर हे. त्यांनी ते तिथल्या तिथं पिशवीत घालून खिशात टाकलं, घरात कुणाला दाखवलंही नाही. मग सारजाबाईला सोसायटीच्या गेटवर अडवून सगळ्यांसमक्ष तिची पिशवी उलटी केली. निघालं काय, तर चष्मा आणि डब्यातली अर्धी भाकरी.

भांडी घासणारी बाई स्विस घड्याळाची नक्कल आणणार कुठून? एवढा साधा विचार या शहाण्याच्या डोक्यात आला नव्हता. बद्रीनाथला हसूही येईना.

मनस्विनी आणि बद्रीनाथ ज्योतीनगरात धारूरकरांच्या सोसायटीत पोचले तेव्हा सारजाबाई गेटजवळच्या पायरीवर बसून होती. चोर म्हणून नाव झाल्यावर बाकीच्या घरांनीही तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"कपाटाला हात लावू नको म्हनले व्हते, नाय लावला," ती म्हणाली. "पंधरा वर्षं झाली या घरात. पोलीस नेतील तर नेऊ द्या. पर माझी पोरगी यंदा सासरी गेली, मॅडम. तिला लोक काय म्हनतील?"

बद्रीनाथनं नजर दुसरीकडं वळवली.

वर सदाशिवरावांचा मुलगा केयूर सोफ्यावर लोळत होता. हातात स्मार्टवॉच, त्यावर बोट फिरवत त्यानं उत्तरं दिली.

"मी ते कपाट कधी उघडलंच नाही. चावी काय, देवघरातच असते. घरातल्या कुणालाही माहितीय."

"घड्याळ पाहिलं तरी होतं का?"

"बाबांच्या हातात, लांबून. म्हातारं खटारा! अंधारात काटे मस्त हिरवे चमकतात, तेवढंच काय ते बघण्यासारखं."

मनस्विनीनं मान डोलावली. बद्रीनाथला वाटलं, हा आळशी असेल, पण चोरी करायलाही कष्ट लागतात.

तिसरा संशयित अमेय, सदाशिवरावांचा संग्राहक मित्र. ते घड्याळ विकत मागून मागून तो थकला होता. मनस्विनीनं काळ्या डायलचं घड्याळ त्याच्यापुढं ठेवलं.

"चोरून आणलं तर दाखवू कुणाला?" अमेय म्हणाला. "दुसऱ्याला जळवता आलं नाही, तर घड्याळ ठेवायचं कशाला? आणि हे असलं डायल रंगवलेलं घड्याळ आमच्यात कुणी हातात धरत नाही. जुनी डायल खरवडून नवा रंग फासतात मेले!"

"रामकिसनचं काम ओळखता?"

"म्हणजे काय! जुने घडीसाज दर दुरुस्तीला झाकणाच्या आतून सुईनं आपली खूण करायचे. रामकिसनचा त्रिशूळ. माझ्याही एका घड्याळात आहे."

"मग झाकण उघडायची तुमची सुरी घ्या आणि चला."

संध्याकाळी धारूरकरांच्या दिवाणखान्यात सगळे जमले. सारजाबाई दाराशीच उभी राहिली. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. बद्रीनाथनं आपली खुर्ची तिला दिली.

"चोर हुबेहूब नक्कल ठेवतो," मनस्विनी म्हणाली. "तुम्ही गावभर तपकिरी डायल मिरवता, सदाशिवराव, आणि चोर काळीभोर ठेवून जातो? एवढा गाढव चोर मी पाहिला नाही. मग मला वाटलं, ठेवणाऱ्याला फसवायचं नसेलच. नव्यासारखं दिसलं म्हणजे झकास झालं, असं त्याला मनापासून वाटलं असेल. अमेयराव, उघडा."

टक् आवाज झाला. झाकणाच्या आत बारीक बारीक त्रिशूळ कोरलेले होते, एकाखाली एक.

"रामकिसनच," अमेय पुटपुटला.

"चोरी झालेलीच नाही. हे तुमच्या वडिलांचं घड्याळ आहे. डोळे मिटून ओळखणार होतात ना? उघड्या डोळ्यांनी त्याला कचरा म्हणालात."

सदाशिवराव वाकून झाकणातले त्रिशूळ बघू लागले.

"आता रंगवलं कुणी?" मनस्विनीनं खिडकीचा पडदा ओढला, दिवा घालवला. अंधारात दोन काटे हिरवे चमकले. "तुमचं रेडियम केव्हाच विझलेलं. हा रंग या महिन्यातला. परतल्यापासून घड्याळ तुमच्या खिशात, आज माझ्याकडं. तरी काटे चमकतात हे एकाला माहीत होतं. तो म्हणे कपाट कधी उघडत नाही."

दिवा लागला तेव्हा केयूरनं मान खाली घातली होती.

"मित्राच्या लग्नात घातलं होतं," तो म्हणाला. "खुलताबादच्या रिसॉर्टवर. पूलमध्ये कुणीतरी ढकललं, पाणी आत गेलं, डायलवर डाग पडले. कुरिअरनं पाठवून रंगवून घेतलं. मला वाटलं, बाबा खूश होतील."

"आणि बाईची पिशवी उलटी केली तेव्हा?"

"मी बाल्कनीत होतो."

पोलिसात असताना बद्रीनाथनं भुरटे चोर पुष्कळ पाहिले होते. त्यांतल्या एकाचीही त्याला इतकी किळस आली नव्हती.

सदाशिवराव मात्र अमेयचा हात धरून विचारत होते, "जुना रंग परत येईल का रे? काहीतरी कर!" दाराशी कोण बसलंय याची त्यांना शुद्धच नव्हती.

"खरवडलेलं परत येत नाही," मनस्विनी म्हणाली. "पण गेट जागच्या जागी आहे. चला खाली. केयूर, तुम्हीही."

गेटवर वॉचमन होता, फिरायला निघालेली बिऱ्हाडं होती. सदाशिवराव जमिनीकडं बघत पुटपुटले, "सारजाबाईनं काही घेतलं नव्हतं. चूक आमची."

सारजाबाईनं पदर खोचला.

"मोठ्यानं बोला, साहेब," ती म्हणाली. "काल बोललात तेवढ्या मोठ्यानं."

सदाशिवरावांनी मान वर केली. बाल्कन्यांतून माणसं बघत होती. मग ते मोठ्यानं बोलले.

"उद्या कामाला ये," शेवटी त्यांनी जोडलं.

सारजाबाईनं आपली पिशवी उचलली. "नाय," ती म्हणाली, आणि गेटाबाहेर पडली.