करंगळीचं पेर

त्या काळी पस्तिशीच्या आतल्या माणसाला कुणी घाईने प्रश्न विचारत नसे. विचारून उपयोगच नव्हता. एस.टी.च्या कंडक्टरने "कुठं?" म्हटलं, की तरुण पोरगा उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत फिरवायचा आणि मग शांतपणे सांगायचा, "कारंजा." कंडक्टर जुना असला तर कपाळाला आठ्या घालायचा. तरुण असला तर त्याला त्यात काही वावगं दिसतच नसे, कारण घरी बायकोने "भाजी काय आणू?" विचारलं की तोही तेच करायचा. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींनी प्रश्न विचारून झाला की चहाचे कप हातात धरून गप्प बसायचं, ही तर रीतच पडून गेली होती.

अकरा पेरं. साधारण अकरा सेकंद. ना दहा, ना बारा.

कुणाला त्याचं काही वाटलंही नसतं. पण त्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या एका परिषदेत कुणीतरी आकडा मांडला, की राज्यातल्या पस्तिशीखालच्या शंभरांपैकी चौऱ्याण्णव जणांना ही सवय आहे, आणि पस्तिशीवरच्यांत ती औषधालाही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी नाव ठेवून टाकलं, 'अकरापेरी'. मेंदूचा विकार असावा, पाण्यातून आला असावा, अशा चर्चा झडू लागल्या. आया पोरांचे अंगठे धरून ठेवू लागल्या.

वाशीम जिल्ह्यातल्या उमरवाडीच्या शाळेत शिकवणाऱ्या मंदाकिनी गावंडे बाईही ती बातमी वाचून घाबरल्या, पण वेगळ्याच कारणाने. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. स्वतःच्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. आणि त्या दिवसापासून मीठ सोडलं.

त्याला आता तीन महिने होत आले होते. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी पंचफुला त्यांना रोज विचारायची आणि त्या रोज म्हणायच्या, "नेम आहे गं." कसला, कुणासाठी, ते काही सांगायच्या नाहीत. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आपल्या हातून चार कोटी लेकरांच्या डोक्यात काही बिघाड झाला असेल, तर त्याची भरपाई अळणी खाऊन होणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण दुसरं करणार तरी काय?

बुधवारी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी, पंचफुला वर्गाच्या दारात आली.

"मॅडम, पुण्याचे साहेब आले तुमच्यासाठी. गाडी फाट्यावरच फसली, पायी आले बिचारे."

बाईंच्या हातातला खडू खाली पडला.

"आता तुम्ही तर तोंड असं केलं, जसं वारंटच आणलं त्यानं," पंचफुला म्हणाली. "पोरगाच आहे तो. चाय ठेवते."

पोरगाच होता. फार तर तेहतीस वर्षांचा, बुटांना चिखल लागलेला. दारात क्षणभर थांबून त्याने डाव्या खांद्यावरून मागे वळून पाहिलं आणि मग आत पाऊल टाकलं. मागे कुणी नव्हतं. बाईंच्या वर्गातली मुलंही आत येताना अशीच मागे बघायची. बाईंना वाटायचं, मुलंच ती, येताना कुणाची तरी वाट बघत असतील.

"मी डॉ. इरफान मुलाणी. पाठवंश विभागात असतो."

"बसा, सर. काय वंश म्हणालात?"

इरफानचा अंगठा पेरांवरून फिरू लागला. बाईंनी नजर खिडकीकडे वळवली. ते बघणं त्यांना सोसवेना.

"पाठांची वंशावळ," अकरा झाल्यावर तो म्हणाला. "तुमच्या पाठमळ्यावर आज जे टाचण आहे ते कुठल्या टाचणापासून झालं, ते कुठल्यापासून, असं मागे मागे जात शोधायचं."

पाठमळा म्हणजे काय, हे त्या काळात शाळेतल्या कुणालाही सांगावं लागत नसे. उद्या वर्गात काय शिकवायचं, कसं शिकवायचं, कोणता प्रश्न केव्हा विचारायचा, हे शिक्षकाने आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, त्याला पाठ टाचण म्हणतात. पूर्वी ते वहीत असायचं आणि साहेबांची सही झाली की कपाटात जायचं. सत्तावीस वर्षांपूर्वी ते सगळ्यांनी संगणकावर एकाच ठिकाणी ठेवायचं ठरलं, सोबत स्वतः शिकवतानाची चित्रफीत जोडायची. ज्याला जे आवडेल ते त्याने उचलावं, आपल्या वर्गाप्रमाणे थोडं बदलावं, पुन्हा मळ्यात ठेवावं. या मळ्यावर नजर ठेवायला एक संगणकीय व्यवस्था होती. तिला सगळे 'माळी' म्हणत. मुलांना कोणत्या टाचणाने जास्त समजलं हे माळी चाचण्यांवरून ताडायचा, आणि जे चांगलं उगवलं त्याची रोपं आणखी शाळांकडे पाठवायचा. जे उगवलं नाही ते आपोआप मागे पडायचं.

शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या टपोऱ्या कणसाचंच बियाणं राखत जातो, तसंच हे. फरक एवढाच, की शेतकऱ्याला आपण काय राखतोय ते माहीत असतं. माळ्याला फक्त गुण दिसायचे.

"'भाकरीचे समान भाग', इयत्ता चौथी," इरफानने विचारलं. "तुमचंच ना?"

"माझंच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू, आता तर पुटपुटल्यासारखा झाला. "तुम्ही येणार हे मला माहीत होतं."

"बाई, तुमचा उजवा हात बघू का?"

त्यांनी पदराखालून हात काढून टेबलावर ठेवला. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. नऊ वर्षांच्या असताना कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं.

इरफानने श्वास सोडला. इतका मोठा, की चहा घेऊन आलेली पंचफुला दचकली.

"अकराच," तो म्हणाला. "चार बोटांची बारा पेरं, त्यातली तुमची अकरा. बाई, आम्ही तीन महिने डोकं फोडून घेतोय. हे बघा." त्याने स्वतःचा हात पुढे केला. करंगळी धडधाकट होती. अंगठा एकेक पेर चढत-उतरत करंगळीपाशी आला, खालचं पेर, मधलं पेर, आणि थांबला. वरचं पेर त्याने सोडून दिलं. "मी कधी तिथं जातच नाही. कुणीच जात नाही. कोल्हापूर ते गोंदिया, सगळे तेवढंच सोडतात. मेंदूत बिघाड असता तर तो करंगळीच्या टोकाशी नेमका कशाला थांबला असता? ही बघून बघून केलेली नक्कल आहे, हे मी सांगत होतो. पण कुणाची, ते सापडत नव्हतं. तुमच्या जुन्या चित्रफितीत अंगठा कुठं थांबतो ते दिसतं, पण करंगळीचं टोक दिसत नाही."

"म्हणजे आजार नाही?"

पुन्हा अकरा पेरं. बाईंनी आता नजर वळवली नाही. असं वाट बघणं जन्मात त्यांना इतकं जड गेलं नव्हतं.

"नाही," इरफान म्हणाला. "मेंदू तपासले, रक्त तपासलं. सगळं ठीक आहे. उलट प्रश्न ऐकून लगेच बोलणाऱ्यापेक्षा थांबून बोलणारा कमी चुकतो. तुमच्या पाठात शंभरातली त्रेसष्ट मुलं बरोबर उत्तर द्यायची, दुसऱ्या पाठांत एक्केचाळीस. म्हणूनच माळ्याने तो पसरवला. गणितातून भाषेत गेला, भाषेतून इतिहासात. तुम्ही लिहिलं होतं, 'बाईंनी पेरं मोजावीत, तोवर कुणी बोलू नये.' सहा वर्षांनी कुणा गुरुजींनी 'बाईंनी'च्या जागी 'सर्वांनी' केलं. झालं."

"पण अडचणीच्या वेळी? गाडी चालवताना? कुणी मरत असताना?"

"आग लागली म्हटल्यावर कुणी अकरा मोजत नाही, बाई. ती सुद्धा चाचणी घेतली."

"खोटी आग लावली?" पंचफुलाने विचारलं.

"धूर केला नुसता."

"आणि पळाले?"

"मीच पहिला पळालो," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की मघापासून तो न मोजताच बोलतोय. त्याला हसू फुटलं. पंचफुलाही हसली. "मी नाही बा मोजत अकरा-बिकरा. मी शाळेतच नाही गेली," असं म्हणून ती कपबशा मांडू लागली.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचं अजून सांगायचं राहिलं होतं.

"मी खोटं लिहिलं होतं, सर," त्या म्हणाल्या. "टाचणात 'कृतीचा हेतू' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'मुलांना विचार करायला वेळ देणे.' तसं काही माझ्या डोक्यात नव्हतं. माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत होती. ती पाच वर्षांची होईपर्यंत रोज अकराशे वेळा देवाचं नाव घेईन, असं मी बोलून बसले. अकराशे म्हणजे हाताची शंभर आवर्तनं. घरी बाळाचं करता करता साठ व्हायची. चाळीस उरायची. मग वर्गात प्रश्न विचारायचा आणि पोरं गप्प बसली की एक आवर्तन उरकायचं. शाळेच्या वेळात मी माझा नवस फेडला. पगार सरकारचा, वेळ लेकरांचा. ती चोरी राज्यभर पसरली, असंच मी इतके दिवस धरून चालले होते."

पंचफुला कपबशा तशाच सोडून उभी राहिली. "म्हणून मीठ सोडलं होय तुम्ही?"

बाईंनी मान हलवली.

इरफानने पिशवीतून संगणकाची पाटी काढली. काचेवर त्यांचं सत्तावीस वर्षांपूर्वीचं टाचण होतं. खाली एक चौकोन, 'मागे घ्या'.

"मूळकर्त्याला तो हक्क असतो," तो म्हणाला. "तुम्ही इथं बोट ठेवलंत, तर पुढच्या जूनपासून सगळ्या पाठांतून ही पायरी गळेल. आमची सवय जाणार नाही, पण नव्या मुलांना लागणार नाही. पाठमळा चालवणाऱ्या मंडळाने मला सांगितलंय, की बाईंना विचारा. जोर करू नका, कुठल्याच बाजूने."

सकाळपर्यंत बाईंचं ठरलेलं होतं, की असं काही विचारलं तर क्षणाचाही विचार करायचा नाही, मागे घ्यायचं. आता त्यांचा अंगठा आपोआप पेरांवर गेला. इरफानही थांबला. पंचफुला दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"मुलगी कशी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"नागपूरला असते. पुलांचे आराखडे काढते. फोनवर काही विचारलं की अकरा पेरं गप्प." आता मात्र त्यांना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी चौकोनाला हात लावला नाही. वर सरकून त्या 'कृतीचा हेतू'वर आल्या, जुनं वाक्य पुसलं आणि एका बोटाने अक्षर अक्षर जुळवत लिहिलं: 'माझी लेक जगावी म्हणून.'

"चालेल ना?"

"चालेल," अकरा झाल्यावर इरफान म्हणाला. "पण माळी तो रकाना वाचत नाही, बाई. कधीच वाचला नाही. त्याला त्याची गरज पडत नाही."

"मी लिहिलं ना. पुरे."

घंटा झाली. व्हरांड्यात ताटं खणखणू लागली. बाई पंचफुलाला म्हणाल्या, "मला पण वाढ गं थोडी. मुलांचीच." पंचफुलाने वाफाळती खिचडी आणून ठेवली आणि बाईंनी पहिला घास घेतला तेव्हा तोंडाकडे टक लावून उभी राहिली. मीठ जिभेला लागताच बाईंनी डोळे मिटले. तीन महिने पाठीला लागलेली भीती त्या घासासरशी खाली उतरली.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ती अकरा पेरं मोजताना तुम्ही मनात काय म्हणता?"

इरफानने मोजली. "काहीच नाही," तो म्हणाला. "माझी आजी बोटांवर तसबीह करायची, अल्लाच्या नावाचा जप. मला लहानपणी वाटायचं, हे तिच्याकडूनच आलं. पण ती काहीतरी म्हणायची. माझ्यात ती जागा नुसती शांत असते."

"शांत असते ना? मग बरं आहे," बाई म्हणाल्या. नाव गळून गेलं होतं, थांबणं उरलं होतं. त्यांना थोडं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

खिचडी खाऊन इरफान निघाला. बाई त्याला सोडायला दारापर्यंत आल्या. मुलं हात धुऊन वर्गात परतत होती. आणि बाईंनी पाहिलं, एकेक मूल दारात क्षणभर थांबत होतं, डाव्या खांद्यावरून मागे वळून बघत होतं, मगच आत येत होतं. पहिलं, दुसरं, पाचवं, अकरावं. कुणीही कुणाची वाट बघत नव्हतं.

इरफान दारापाशी आला. थांबला. डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि पाऊल बाहेर टाकलं.

"सर," बाईंनी हाक मारली. "हे मागे बघणं माझं नाही. माझ्या पाठात असं काही नव्हतं."

"कुठलं मागे बघणं?"

"आत्ता केलंत ते. सगळीच मुलं करतात. कुणीतरी पाठीमागे आहे, अशा भीतीने बघावं तसं." त्या जरा थांबल्या. "हे कुणाचं आहे, सर? ज्या बाईपासून हे आलं, तिच्या मागे कोण होतं?"

इरफान तिथेच व्हरांड्यात उभा राहिला. त्याचा अंगठा तर्जनीवर गेला, मधल्या बोटावर आला, अनामिकेवर, करंगळीच्या खालच्या पेरावर, मधल्या पेरावर.

अकरा झाली. अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर गेला.