फळीवरची रिकामी जागा

काम साधंच होतं. जाफराबादच्या बाजूच्या एका भिल्ल घरातली चितारलेली फळी जालन्याला आणायची आणि मस्तगडातल्या छोट्या संग्रहालयात लावायची. तिथं कामाला असलेल्या वसंतानं ती एसटीत मांडीवर आडवी धरून आणली. काळपट सागावर तांदळाच्या पिठानं काढलेली अकरा माणसं. घरात कोणी गेलं की बाराव्याला त्याला फळीवर काढायचं, ही त्या घराची रीत. आधी पाय, मग बाकीचं. कारण त्याला चालत जायचं असतं. शेवटची सात माणसं म्हाताऱ्या गोजरबाईनं काढली होती. छपराला वाळवी लागली म्हणून तिच्या मुलानं, पुंजारामनं, फळी सोपवली. अट एकच, घरात कोणी गेलं की परत न्यायची.

संग्रहालयाचे प्रमुख काकासाहेब. त्यांनी फळीखाली चिठ्ठी लावली : 'अनामिक आदिवासी कलावंत, १९७४.'

वसंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या स्वतःच्या आज्याचं नाव गावच्या एकाही कागदावर सापडत नव्हतं. इथं तर बाई जिवंत होती. त्यानं चिठ्ठी फाडली आणि मायलेकांना बोलावून घेतलं.

"आजी, चित्र तुमचं आहे. इथं अंगठा उमटवा, बाजूला मी नाव लिहितो."

गोजरबाई फळीकडं बघत राहिली. "न्हाई बाबा. हिच्यावर जित्या माणसाची खूण ठेवत न्हाईत."

"मग लोकांना कळणार कसं, कुणी काढलं ते?"

"ज्यांना काढलं त्यांना ठाव हाय की." ती हसली. "तुलाच नावाची लई हौस."

"राहू द्या ना, साहेब..." पुंजाराम हळूच म्हणाला.

पण वसंताला दम निघत नव्हता. त्यानं तिचा हात हातात घेतला, अंगठा स्टँपपॅडवर टेकवला आणि अकराव्या माणसापुढच्या रिकाम्या जागेत दाबून धरला. तिनं हात ओढला नाही. नुसता तो गार पडला. जाताना ती अंगठा मुठीत झाकून गेली.

त्या दिवसापासून संध्याकाळी कुलूप लावताना वसंताला ओल्या पिठाचा आंबूस वास येऊ लागला. दाराआड काहीतरी लाकडावर घासायचं. सावकाश. थांबत थांबत. उंदीर असतील, असं तो मनाशी म्हणायचा आणि किल्ली खिशात टाकायचा.

पाचव्या दिवशी कातरवेळी पुंजाराम एकटाच आला.

"माय गेली. पाणी प्यायला बसल्ती, ती बसलीच. फळी द्या, साहेब. तिला काढायची हाय."

वसंतानं कुलूप काढलं, दिवा लावला. गोजरबाईचा अंगठा तसाच होता, निळा. त्याला खेटून आणखी एक ठसा होता, अर्धाच. तिचा हात धरताना त्याच्या अंगठ्याला शाई लागली होती. ते त्याला आत्ता आठवलं.

त्या अर्ध्या ठशाखाली पांढऱ्या पिठाचे दोन पाय होते. अजून ओले.

पुंजारामनं हात न लावता फळी धोतराच्या सोग्यात धरली.

"मायला तर मी काढीन," तो हळू आवाजात म्हणाला. "साहेब... तुमच्या घरी चितारणारं कोण हाय?"

ते पाय पुसायला वसंतानं हात पुढं केला, आणि तसाच थांबला. फळीला त्यानं आज अजून बोटही लावलं नव्हतं. तरी त्याच्या अंगठ्याच्या नखात ओलं, पांढरं पीठ होतं.