ओशट बेसिन

दुपारची भेटीची वेळ संपत आली होती. अतिदक्षता विभागातल्या कोपऱ्यातल्या खोलीतून रुग्णाच्या नवऱ्याची हाक आली. "नर्स, लवकर या. ही बोलत नाहीये."

खाटेवरची बाई घामाने निथळत होती. डोळे उघडे, पण ओळख नाही. नर्सने बोटाला टोचून साखर तपासली, ती फारच खाली गेली होती. शिरेतून साखरेचं पाणी दिलं, तेव्हा कुठे बाईच्या पापण्या हलल्या. त्या आठवड्यात असं दुसऱ्यांदा घडत होतं.

चौकशी आली ती प्रमुख डॉक्टरीणबाईंकडे. पाठीमागे सगळे त्यांना 'चाळणी' म्हणत, कारण त्यांच्या हातून खडा सुटत नसे. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

प्रकरण मात्र विचित्र होतं. रुग्णाच्या आतड्याचा मोठा भाग काढावा लागला होता. तोंडाने काहीच नाही. मानेजवळच्या शिरेत नळी घातलेली, आणि पंपावरच्या दुधाळ पिशवीतून तिला सगळं अन्न मिळत होतं. त्यात साखर भरपूर. पंप कधी कुरकुरला नव्हता, पिशवीही वेळेवर रिकामी होत होती. मग साखर जात कुठे होती? पुढचा झटका मेंदूवर गेला, तर ही बाई परत येणार नव्हती.

रुग्णाच्या आईने संशय बोलूनच दाखवला. "जावयाच्या खिशात इन्सुलिनची सुई असते. स्वतःच्या मधुमेहासाठी, म्हणे. दोन्ही वेळेला हा आला आणि पोरगी कोसळली."

"तेव्हा तुम्ही कुठे होतात, मावशी?"

"इथंच. आधी मी बसते, तो आला की उठते. एकालाच बसू देतात ना."

"मुलगी काही म्हणाली होती?"

आईचा चेहरा उजळला. "भूक लागली म्हणाली. दोन्ही वेळेला. आणि नेमका तेव्हाच हा आला." तिने आपला थर्मास झोळीत टाकला आणि जावयाकडे न बघता निघून गेली.

नवऱ्याने सुई टेबलावर ठेवली. "खुशाल तपासा. पण मला तिच्याजवळून हाकलू नका."

डॉक्टरीणबाई खोलीतल्या बेसिनवर हात धुवायला गेल्या. कडेला हात टेकला आणि थबकल्या. बेसिन ओशट होतं. या खोलीत खायला तर कुणालाच परवानगी नव्हती.

झटक्याच्या वेळी घेतलेल्या रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. बाईंनी आई, जावई आणि नर्स अशा तिघांना खोलीबाहेर बोलावलं.

"रक्तात इन्सुलिन होतं, पण ते टोचलेलं नव्हतं. तिच्याच शरीरात तयार झालेलं होतं. म्हणजे जावईबापू सुटले. सतत साखर मिळते, म्हणून शरीर सतत इन्सुलिन बनवतं. साखर अचानक थांबली, तरी ते लगेच थांबत नाही."

"पण पिशवी तर रिकामी होत होती," नर्स म्हणाली.

"होत होती. तिच्या अंगात जात नव्हती. पंप थांबवला असता किंवा वाट अडवली असती, तर त्याने बोंब मारली असती. नळी सोडवून थर्मासात सोडली, तर त्याला काय कळणार? त्या पिशवीत साखरेबरोबर तेलही असतं. थर्मास बेसिनमध्ये ओतून धुतला, तरी बेसिन ओशट राहतं. मावशी, खरं ना?"

आईने काहीच लपवलं नाही. "लहानपणी ही जेवायची नाही, तेव्हा मी अधलंमधलं खाणं बंद करायचे. मग आपणहून पानावर यायची. इथं दिवसभर पोट भरलेलं, भूक लागणार कशी? खायला लागली असती, तर घरी आली असती. नर्स नळी कशी सोडवते, कशी जोडते, ते बघून ठेवलं होतं मी. जावई यायच्या आत परत लावायचे. आणि लागलीच की हो तिला भूक."

"साखर उतरायला लागली की आधी भूक लागते, मावशी. मग घाम फुटतो, मग शुद्ध जाते. नळी परत जोडली, तरी उतरलेली साखर लगेच भरून येत नाही. ती मरायला टेकली होती. उघड्या नळीतून जंतू किंवा हवा गेली असती, तरी संपलंच होतं."

आई मटकन खाली बसली.  जावयाला संताप आला होता आणि दयाही येत होती. शेवटी त्याने तिला हात धरून उठवलं.

डॉक्टरीणबाईंनी नळी बदलायला लावली. भेटीच्या वेळी दाराशी नर्स बसू लागली, आणि आई खाटेपासून हातभर लांब, हात मांडीत घट्ट धरून.

काही दिवसांनी मुलीने मान वळवली.

"आई, भूक लागली."

 आई ताडकन उठली आणि दाराशी बसलेल्या नर्सला हाका मारत सुटली, "आधी तिची साखर बघा!"