उलट्या हाताची टकटक

हे खरं घडलेलं आहे. आणि भर दुपारी घडलं. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना पक्कं माहीत आहे, त्यांनी पुढं वाचूच नये. 'छान जमलीय गोष्ट' असलं कौतुक मला नको. ज्याच्यासोबत हे झालं तो माझा सख्खा भाऊ आहे.

नव्व्याण्णव सालचा चैत्र. युसूफ वडगावच्या बाहेर विठ्ठलरावांची कापसाची जिनिंग. हंगाम संपलेला, मशिनी बंद. आवारात फक्त गाठी पडलेल्या.

त्या गाठी वाहायला मालकांनी बॅटरीवर चालणारी जुनी गाडी आणली होती. कापसात पेट्रोल इंजिनची ठिणगी नको म्हणून. फळीखाली बॅटऱ्यांची रांग, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. माणूस जागेवर आडवा होईल एवढा करंट.

ती गाडी फक्त गावातला वायरमन आश्रुबा बघायचा.

आश्रुबा काविळीनं गेला...

आणि गाडीचा पत्रा झटके मारायला लागला.

माझा भाऊ बसवेश अण्णा. गावात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. पण लोक अण्णाच्याच दुकानात येऊन अण्णालाच विचारायचे, "आश्रुबा कुठं भेटंल वो?" वर्षानुवर्षं हेच. अण्णा आतून जळायचा. आश्रुबाच्या मयताला गेला, तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला होता. दुःख नव्हतं त्यावर. खोटं कशाला लिहू?

मालकाचं बोलावणं आलं तसा अण्णा म्हणाला, "केदार, चल. आता बघू कोण आश्रुबाचं नाव घेतंय."

गेलो. हमाल उत्तरेश्वर सावलीत तंबाखू मळत बसला होता.

"आश्रुबा आधी उलट्या हातानं पत्र्याला शिवायचा," तो म्हणाला. "टक टक. बोटातली अंगठी वाजायची. झटका बसला तर हात आपसूक मागं येतोय म्हणं. आन् डावा हात कायम मागच्या खिशात. दोन्ही हात लागले की करंट छातीतून जातोय म्हणं."

"मला शिकवतो का बे?"

"मी कावून शिकवू? आश्रुबा असंच करायचा, एवढंच सांगितलं."

अण्णाचा डावा हात तेव्हा खिशातच होता. कुठलाही वायरमन तसाच काम करतो.

अण्णानं तो बाहेर काढला.

"मी आश्रुबा न्हाई."

बॅटरीचा करंट पत्र्याला लागायलाच नको. लागला, म्हणजे कुठंतरी गळती. ती शोधायची रीत सोपी. मीटरची एक वायर पत्र्याला लावायची, दुसरी आधी रांगेच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला. ज्या टोकाला काटा कमी हलतो, गळती त्याच्या जवळ.

काटा पुढच्या टोकाला कमी हलला. अण्णानं पुढची बॅटरी काढली. खाली ॲसिडचा ओला मळ. पुसला, सुकवला, बॅटरी परत जोडली.

परत मीटर लावला...

गळती मागच्या टोकाला.

मागची साफ केली.

गळती मधे.

मधली केली... परत पुढं.

जणू अण्णाचा हात जिथं जाईल तिथून ती उठून दुसरीकडं बसत होती.

"आश्रुबा असता तर एव्हाना..." मालक म्हणाले, आणि अर्ध्यावरच थांबले.

अण्णा पेटला. त्यानं सगळ्या जोडवायरी उपसल्या. आता एकही बॅटरी दुसरीला जोडलेली नव्हती. आता काटा हलणं शक्यच नाही.

मीटर लावला.

काटा पार शेवटपर्यंत गेला... आणि तिथंच थरथरत राहिला.

छपरावरच्या चिमण्या कधी गप्प झाल्या, कळलं नाही.

मग गाडीच्या पलीकडून...

टक. टक.

मी धावत पलीकडं गेलो. कोणी नाही. जमिनीवर कापसाचा भुगा पसरलेला. त्यावर एकही पाऊल नाही.

"मेलास ना बे!" अण्णा ओरडला. "मेलास तरी गाडी तुझीच का?"

आणि त्यानं एक हात बॅटरीवर ठेवला, दुसरा पत्र्यावर.

तो चिकटला. ओरडलासुद्धा नाही. मी वाळका दांडा शोधत होतो...

तेवढ्यात त्याचा डावा हात पत्र्यावरून सुटला. सुटला म्हणजे... उचलला गेला. मनगट धरून उचलावा तसा. सावकाश मागं गेला आणि खिशात शिरला.

अण्णा खाली कोसळला.

काटा शून्यावर. वायरी जोडल्या, तरी शून्यावरच. गळती गेली होती.

मालक त्याला पाणी पाजत म्हणाले, "शाब्बास बसवेश! आगदी आश्रुबासारखं काम केलंस बघ."

अण्णा रडला. लोकांना वाटलं, जीव वाचला म्हणून.

ती गाडी पुढं अण्णाकडंच आली. तालुक्यातली कामं आली. पण डावा हात त्या दुपारपासून त्याचं ऐकत नाही. जेवताना, चालताना खिशात. लुंगी नेसली तर कमरेमागं. रस्त्यात आश्रुबाची बायको रतनबाई भेटली, की पदर डोळ्यांवर घेऊन वाट बदलते. गिऱ्हाईकं कौतुकानं म्हणतात, "आश्रुबाचाच हात हाय वो तुमचा." अण्णा मान खाली घालतो.

आश्रुबानं त्याला वाचवलं, की गाडी दुसऱ्याच्या हाती जाऊ दिली नाही? मला अजून ठरवता येत नाही.

अण्णा आमच्याकडं मुक्कामाला आला, की दुपारी लोखंडी खाटेवर झोपतो. झोपेत तो हात खिशातून बाहेर येतो. उलटा होतो. आणि खाटेच्या दांड्यावर...

टक. टक.

धातूवर धातू वाजतो तसं.

माझ्या भावाच्या बोटात अंगठी नाही.

कधीच नव्हती.