अनुवाद पूर्ण

नव्या रायपूरमधल्या आमच्या कंपनीने एका दवाखान्याची वेबसाइट केली होती. घरबसल्या नाव नोंदवा, डॉक्टरांची वेळ घ्या, एवढंच. ती हिंदीत होती आणि तिच्यात मराठी घालायचं काम माझ्याकडे आलं. काम कंटाळवाणं, पण अवघड नाही. पानावरच्या प्रत्येक हिंदी शब्दासमोर मराठी शब्द लिहायचा. जागा रिकामी राहिली तर तिथे आपोआप हिंदीच दिसते.

माझी मराठी रायपूरच्या गुढियारी वस्तीतली, म्हणजे निम्मी हिंदी. म्हणून आईला धरलं. ती लग्न होऊन अमरावतीहून इथे आली त्याला चाळीस वर्षं झाली. बाजारात हिंदी, पण माझ्याशी कायम वऱ्हाडी. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

"तुयं काम अडलं तं मले विचारत जा, शिशिर," ती म्हणाली आणि पोहे खाता खाता तिने ताप, खोकला, औषध, डोकेदुखी असे तीसेक शब्द सांगितले. फार खूश होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, मेरी दवा कहाँ रख दी? मी हसलो. मला चिडवतेय, असं वाटलं.

आठवड्याभरात सव्वाशे शब्द झाले आणि आई माझ्याशी बरीचशी हिंदी बोलू लागली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. वय आहे, म्हणाले. मला ते पटेना. मी यादी घेऊन तिच्यासमोर बसलो. 'खोकला' म्हटलं, तर तिने ये क्या होता है असं विचारलं. यादीतला एकही शब्द तिला ओळखता आला नाही. यादीत नसलेले मात्र सगळे शाबूत होते. शेजारीण, विळा, चांदणं, सगळे.

मी यादीतून 'ताप' खोडला. वेबसाइटवर तिथे 'बुखार' आलं. आईला मात्र 'ताप' हा शब्द परत आला नाही.

त्या दिवशी मी खरंच घाबरलो. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. एकच गट उरला होता, रुग्णासोबत आलेल्याचं नातं. सून, जावई, मुलगा वगैरे. तो रिकामा ठेवायचा, तिथे हिंदी दिसली तर दिसू दे, असं मी ठरवलं. तापाला निदान बुखार तरी होता. या शब्दांनंतर तिच्याजवळ काय उरेल, ते मला कळत नव्हतं. आईला मी सांगितलं की काम संपलं.

काम तपासायचं स्नेहलकडे होतं. ती नावाची मराठी, बोलायला हिंदी. मंगळवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली आणि मराठी शंभर टक्के झाली म्हणून अभिनंदन करायला लागली.

मी म्हटलं, एक गट बाकी आहे.

"वो मैंने भर दिया. सुबह तुम्हारे घर फोन करके आंटी से पूछ लिया," ती म्हणाली. "बड़े प्यार से बताया. बोलीं, शिशिर का काम रुकना नहीं चाहिए."

मी पान उघडलं. सगळ्या जागा भरलेल्या होत्या.

घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. बस मिळेना, म्हणून रिक्षा केली.

दार उघडंच होतं. आई स्वयंपाकघरात होती. तिची तब्येत ठणठणीत दिसत होती.

मी हाक मारली.

ती बाहेर आली. माझ्याकडे बघून तिने डोक्यावर पदर घेतला आणि खुर्ची पुढे केली.

मी बसलो.

थोड्या वेळाने तिने पाहुण्यांच्या कपातून चहा आणला.

"लीजिए, भैया," ती म्हणाली. "मेरा बेटा आता ही होगा."