वजनाखालचा श्वास

सुनीतीच्या खांद्यांवर लोखंडी दांडा होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि मागून कुणीतरी म्हणत होतं, "श्वास सोडा... अहो, श्वास सोडा."

तिला ते जमेना. गुडघे डगमगले, तेवढ्यात दोन हातांनी मागून दांडा धरला आणि स्टँडवर टेकवला. ती मॅटवरच बसली.

"वजन जास्त नाय झालं," पाणी पुढे करत तो म्हणाला. "तुमी श्वास कोंडून धरता."

हा कमळाकर, खाडीकाठच्या जुहूगावचा. राज्य स्पर्धेसाठी वेटलिफ्टिंगची तयारी करत होता. सुनीती साताऱ्याहून वडिलांच्या बदलीमुळे वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलेली, कॉलेजात गोळाफेक करणारी. शहाऐंशी साल होतं. वाशीतल्या व्यायामशाळेत संध्याकाळी एक तास मुलींसाठी राखून ठेवला होता. पण मुली म्हणजे ती एकटीच, म्हणून कमळाकरचा सरावही त्याच तासात चालायचा.

दुसऱ्या दिवसापासून तो तिला शिकवू लागला. खाली बसण्याआधी श्वास घ्यायचा, तोही छातीत नाही, पोटात. पोट घट्ट करायचं, उठताना अवघड जागा पार झाली की तोंडाने हळूहळू सोडायचा. "इथं," असं म्हणून त्याने हात ठेवला तो स्वतःच्या पोटावर. सुनीतीच्या ते लक्षात राहिलं. उघड्या अंगाने मिठागरात राबणाऱ्या घरातला हा मुलगा, पण तिच्याशी बोलताना आधी टॉवेल खांद्यावर ओढून घ्यायचा.

हळूहळू 'तुमी'चं 'तू' झालं. खिडकीतून खाडीचा खारा वारा यायचा, तो तिची वजनं चढवून द्यायचा आणि दोघं उगाच रेंगाळायची. एकदा ती म्हणाली, "खांद्यावर वजन नसतानाही कधीकधी श्वास अडकतो... तेव्हा काय करायचं रे?"

कमळाकर कानापर्यंत लाल झाला. दांड्याचा आधीच घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा आवळत राहिला. "त्याचा उपाय... मला नाय म्हाईत," एवढंच बोलला.

ती हसली. घरी जाताना मात्र तिला वाटलं, आज तो काहीतरी बोलायला हवा होता.

दिवाळीनंतर तो सरावाच्या शिबिराला पुण्याला गेला. त्याच सुमारास तिला नाशिकचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, माणसं साधी, नाकारायला काही निमित्तच नाही. तिने वडिलांकडे थोडे दिवस मागितले. व्यायामशाळेत जाऊन तिथले प्रशिक्षक श्यामसुंदर सर यांना विचारलं, कमळाकरचा काही निरोप आला का? सर म्हणाले, त्याला सध्या वजनाखेरीज काही सुचत नाही. तिला पुण्याला पत्र टाकता आलं असतं. पण आपणच कसं विचारायचं... असं करत ते राहिलं. जानेवारीत साखरपुडा झाला.

राज्य स्पर्धा फेब्रुवारीत ठाण्यात होती. सुनीती सरांबरोबर गेली. कमळाकरचे दोन प्रयत्न फसले होते. तिसऱ्याला तो दांड्यापाशी आला तो छाती फुगवूनच. सुनीतीने पुढच्या रांगेतून मुकाट्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. त्याने पाहिलं. मागे सरकला, श्वास बाहेर टाकला, पुन्हा खोल घेतला... आणि वजन डोक्यावर गेलं.

नंतर हॉलच्या मागे तो धावतच आला. गळ्यात पदक होतं, हातांना पकडीसाठी चोळलेली खडूची पूड तशीच.

"उद्या तुझ्या घरी येतो," तो म्हणाला. "बाबांना भेटायला. गावचा पोर मोकळ्या हाताने कसा येनार, म्हनून थांबलो होतो."

सुनीतीने अंगठीचा हात ओढणीखाली घेतला. पण त्याने आधीच पाहिलं होतं.

"कधी?" त्याने विचारलं.

"जानेवारीत."

त्याने गळ्यातलं पदक काढून मुठीत घेतलं. आतून पुढच्या गटाची नावं पुकारल्याचा आवाज येत होता.

"पदक मी मागितलं होतं का रे?" ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "तू नुसता आला असतास तरी..."

"तू बोलली असतीस तर आलो असतो," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

सरांनी तिला हाक मारली. कमळाकर बाजूला झाला, तिच्यासाठी वाट सोडून. ती चालू लागली. त्याने एकदा जरी थांबवलं असतं, तर ती थांबली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तिने वळून पाहिलं असतं, तर त्याने थांबवलंच असतं.

तिने वळून पाहिलं नाही.