वाळूचा थर

दादा गेल्यावर त्याच्या घरातली एकच जबाबदारी मास्तरणीने आपणहून अंगावर घेतली, ती म्हणजे टाकीचं पाणी तपासायची. मास्तरीण हे नाव दादानेच पाडलेलं. तिने शाळेत एक तासही शिकवलं नव्हतं. शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं गेली होती. पण समोरच्याच्या चुका काढायची खोड लहानपणापासूनची, म्हणून मास्तरीण. पुढे तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

दर रविवारी जेवणं आटोपली की ती वहिनीकडे जायची. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आणि बाहेरच्या खोलीत जवळजवळ भिंतभर टाकी. खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची. दादाने नऊ वर्षं खपून ती उभी केली होती. लोक अशा टाकीला गाळणीचं यंत्र लावतात. दादाचं यंत्रांशी वाकडं. त्याची गाळणी म्हणजे समुद्रातले सच्छिद्र खडक, तळाशी वीतभर जाडीचा वाळूचा थर, आणि खालच्या कपाटात शेवाळाची एक छोटी टाकी. पाणी खालीवर फिरवायला एक पंप, बस्स. माशांनी घाण करायची, खडकातल्या जंतूंनी आणि वाळूतल्या किड्यांनी ती खायची, उरलंसुरलं शेवाळाने शोषायचं. आल्यागेल्याला तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा, की इथे काही बाहेर फेकावं लागत नाही, कोणी ना कोणी खातंच.

पहिले दोन महिने सगळं रीतसर होतं. तिसऱ्या महिन्यात माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचा आकडा शून्यावर आला. मास्तरणीला बरंच वाटलं. मग वहिनी सहज बोलून गेली, की माशांच्या खाण्याचा नवा डबा आणायला हवा. तीन महिने पुरणारा डबा तिने आठवड्यात संपवला होता. दादा गेल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टाकीसमोर बसायचं आणि चिमटी चिमटी खाणं टाकत राहायचं, एवढंच चाललेलं. एवढ्या खाण्याने पाणी नासायला हवं होतं. मास्तरणीने पुन्हा तपासलं, पुन्हा. तपासणीचं औषध घालूनही नळीतलं पाणी पिवळंच राहिलं. घाण असती तर ते लाल व्हायला हवं होतं.

घरच्या नळ्यांवर तिचा विश्वास नव्हता. बाटलीभर पाणी तिने प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या मोठ्या यंत्रानेही शून्यच दाखवलं. यंत्र बिघडलंय का हे पाहायला तिने ठरावीक मापाने नायट्रेट घातलेलं द्रावण लावलं. त्याचा आकडा दहा यायचा, तो दहाच आला. टाकीच्या पाण्याची बाटली तिने त्या द्रावणांच्या फळीवर ठेवली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी फळीवरचं प्रत्येक द्रावण शून्य दाखवत होतं. सील न फोडलेलीसुद्धा. साहेब म्हणाले, मुदत संपली असेल, नवीन मागवा. मास्तरणीने बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या. मुदतीला अजून वर्ष होतं. साहेबांना ती काही बोलली नाही. चूक दिसत असून गप्प बसण्याची तिची ही पहिलीच वेळ.

पुढच्या रविवारी तिने घराकडे नीट पाहिलं. कुठेच धूळ नव्हती. दादाच्या खुर्चीच्या हातांवर घामाने आलेला काळपटपणा गेला होता. वहिनीने चहा दिला, त्याला रंग होता, चव नव्हती.

वहिनी टाकीत मनगटापर्यंत हात घालून बसली होती. पाठीवर पांढरी रेघ असलेली एक लाल कोळंबी तिच्या बोटांवरून फिरत होती. या कोळंब्या माशांचं अंग साफ करतात, माणसाचा हातही करतात, हे मास्तरणीला ठाऊक होतं. पण वहिनीच्या पंजावर जुना, चांगला रुपयाएवढा भाजल्याचा व्रण होता. तो आता दिसत नव्हता.

"झोप छान लागते आताशा," वहिनी म्हणाली. "घर कसं हलकं वाटतं."

मग तिला काहीतरी आठवलं. हात पुसून ती आतून शर्टांचा गठ्ठा घेऊन आली.

"वन्सं, हे तुमच्याकडचे का? कपाटात निघाले. आमच्याकडे तर कोणी घालणारं नाही."

मास्तरणीने वरचा शर्ट नाकाशी धरला. कसलाच वास नव्हता. कॉलर कोरी करकरीत.

"दादाचे आहेत," ती म्हणाली.

"हो का," वहिनी म्हणाली. शेजारचं कोणी गावाला गेल्याचं कळावं, तशी.

मास्तरणीने त्याच दुपारी ठरवलं, टाकी मोडायची. शोभेच्या माशांच्या दुकानात फोन करून तिने मासे उद्या न्यायला सांगितलं. वाळू मात्र आजच, स्वतः उपसायची. वहिनीने हरकत घेतली नाही. मांडीवर हात ठेवून ती पाहत बसली.

वाळूच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथे काळा थर धरतो आणि उकरला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मास्तरणीने आधीच खिडकी उघडली, पंप बंद केला, बादली जवळ ओढली आणि उजवी बाही वर सरकवली.

वास आला नाही. वाळू पांढरी होती, आणखी खालीही पांढरीच.

हात मनगटापर्यंत गेला. मग कोपरापर्यंत.

बाहेरून काचेतून थर दिसत होता, वीतभरच. त्याखाली टाकीचा तळ, तळाखाली कपाट, उघड्या दारातून शेवाळावरचा दिवा. तिची बोटं कुठेच नव्हती.

खांदा पाण्याला टेकला. तळाची काच अजून लागत नव्हती.

खाली वाळू कोमट होती, अंगाएवढी. कण बोटांच्या फटींतून सरकत होते, सावकाश, एका दिशेने. पीठ चाळावं तसे. आपण वाळू उपसत नाही आहोत, हे तिला तेव्हा कळलं.

तिने हात ओढला. आला नाही.

"जोर करू नका, वन्सं," मागून वहिनी म्हणाली. आवाजात काळजी नव्हती, माया होती. "पहिल्यांदा जरा ओढल्यासारखं होतं. मग सोडतं."

मग सोडलं.

वहिनीने टॉवेल दिला. मास्तरणीने हात पुसला. दंडावरची लहानपणीच्या जखमेची खूण गेली होती. मनगटावरचा आम्लाचा डाग गेला होता. बादली तिथेच टाकून ती जिना उतरली.

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेला कामावर पोचली. दारातल्या हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. तिने बोट उजेडात धरलं. गुळगुळीत, एक रेघ नाही. याची तयारी तिने रात्रभर केली होती. डाव्या अंगठ्याचीही नोंद होती, आणि डावा हात तिने टाकीत घातला नव्हता. त्याच्या रेघा तिला स्पष्ट दिसत होत्या.

तिने डावा अंगठा ठेवला. यंत्राने जरा वेळ घेतला. लाल.

खुर्चीतला रखवालदार उठून आला. अकरा वर्षं रोज सकाळी मास्तरीणबाई अशी हाक मारून तिची थट्टा करणारा माणूस. त्याने यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अगदी अदबीने विचारलं,

"कोणाला भेटायचंय, बाई?"